बंद सर्व्हरचे उपकार

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी स्वतःला किती शहाणा समजत होतो तेच आता सांगून राहिलो.

औंढ्याला एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना आहे. तिथलं कॉम्प्युटरचं सगळं काम माझ्याकडं. मुख्य सर्व्हरच्या जोडीला मी एक बदली सर्व्हर बसवला होता. मुख्यावर पेशंटचं नाव चढलं की सेकंदात बदलीवर चढणार. एक बंद पडला तर दुसरा उभा! शिवाय रोजचा बॅकअप वेगळा. आमच्या डॉक्टर मॅडमना मी छाती फुगवून सांगितलं होतं, "भूकंप झाला तरी माहिती जाणार नाही."

भूकंप कशाला पाहिजे? मी होतो ना!

दुसऱ्या दिवशी चाळीस म्हाताऱ्या माणसांची मोतीबिंदूची ऑपरेशनं होती. कुणाचा कोणता डोळा, कोणत्या नंबरचं भिंग, सगळं कॉम्प्युटरमध्ये. डोळा मोजायचं मशीन नांदेडहून मागून आणलेलं, ते कालच परत गेलेलं.

दुपारी मला वाटलं, सरावासाठी भरलेली खोटी नावं पुसून टाकावीत. समोर पडद्यावर दोन खिडक्या उघड्या. एकीत खोटे पेशंट, दुसरीत खरे. मी कोणते पुसले, ते सांगायला पाहिजे का?

म्हटलं, बॅकअप आहे की. उघडला. आत कोण? 'टेस्ट आजोबा' आणि 'टेस्ट आजी'! तीन महिने रोज बराबर बॅकअप होत होता, पण सरावाच्या यादीचा. आणि मी शहाण्यानं तो एकदाही परत उतरवून बघितला नव्हता.

राहिला बदली सर्व्हर. पण तो तर मुख्याची हुबेहूब नक्कल करणारा! इथं पुसलं की तिथंही पुसलेलं.

तेवढ्यात मॅडम दारात. "सुनील, उद्याची यादी छापून दे."

"देतो मॅडम, प्रिंटरला जरा तकलीफ आहे," म्हटलं आणि बदली सर्व्हर होता त्या मागच्या खोलीत पळालो.

बघतो तर बदली सर्व्हर बंद! शेजारी आमच्या सफाईच्या गंगूमौशी विजेच्या शेगडीवर चहा ढवळून राहिलेल्या. मला बघून त्या दचकल्या.

"चूक झाली सायेब! सकाळी गॅस संपला. म्हाताऱ्यायच्या च्यासाठी तुमच्या डब्याची वायर काढली. थांबा, आत्ता लावते!"

"न्हाई मौशी! हात लावू नका!"

"रागावू नका सायेब, लावते न्हवं का!"

त्या वायरीकडं धावल्या आणि मी त्यांच्या आडवा पडलो. खरंच फरशीवर आडवा! सकाळपासून बंद म्हणजे त्याला माझा प्रताप अजून कळलाच नव्हता. सगळी माणसं आत सुखरूप होती. आता तो तसाच चालू झाला असता, तर मुख्याकडून निरोप येताच त्यानंही इमानदारीनं सगळं पुसलं असतं.

आधी नेटवर्कची तार उपटली. मग चालू केला. पडद्यावर कुरुंद्याचे, डोंगरकड्याचे आजोबा-आजी एकेक दिसायला लागले आणि मला रडूच आलं.

"सायेब, डब्याला काही झालं का?" मौशी घाबरून विचारतात.

"काही न्हाई मौशी. तुमी वाचवलं."

मॅडमना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी यादीतल्या एकेकाला बोलावून डोळा पडताळून घेतला. ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर कुरुंद्याचे एक आजोबा मौशींना म्हणाले, "बाई, तुझं लुगडं हिरवं हाय व्हय? म्या काळंच समजून राहिलो होतो!" मी तिथंच मौशींच्या पाया पडलो.

मग ट्रस्टच्या अध्यक्षांना लेखी अहवाल द्यायचा होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'बदली सर्व्हर बंद असल्यामुळे माहिती वाचली.'

त्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"बंद राहूनच काम करतो, तर एवढे दिवस चालू काहून ठेवला?"