उपाशी ठेवलेले पहारेकरी

प्रसूतिगृहात सगळे जिला मावशी म्हणत, ती बाई बाळाला क्वचितच हात लावीत असे. बाळ आईच्या कुशीत जाई आणि बाळामागून पडणारी वार मावशीच्या स्टीलच्या तबकात येई. ज्या वारेतून गर्भ पोसला जातो, ती झाकून वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळेत पोहोचवणे हे तिचे काम होते. वाटेत ती झाकण उचलून पाही. वार लहान, पांढुरकी दिसली तर पोर मरतुकडेच निघणार, असे ती बाळंतिणीला ऐकू जाईल अशा बेताने बोले.

परंतु दिव्याखाली अंधार होता. तिच्या सुनेचे दोन गर्भ आतल्या आत सुकले होते आणि वॉर्डातल्या बाया त्यावरून हसत. सुनेला तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मावशीने बजावले, की या खेपेला मूल हाती लागले नाही तर तिने आपले शिलाई मशीन उचलावे आणि माहेर गाठावे. टेम्पो चालवणारा मुलगा मान खाली घालून जेवत राहिला. माहेरी भावजयीने सुनेच्या खोलीत केव्हाच पोती रचली होती.

मावशीने एकदा प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंना गर्भ सुकण्याचे कारण विचारले. सून आपलीच, हे मात्र तिने सांगितले नाही. बाई म्हणाल्या, की आईच्या रक्तात रोगांशी लढणाऱ्या पेशी असतात, पहारेकरीच म्हणा ना. गर्भ रुजतो तिथे त्या दाटीने जमतात, आणि गर्भ तर अर्धा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परकाच. एवढ्यात खालून घंटा वाजली. बाई पुढचे सांगणार होत्या. परंतु मावशी तबक घेऊन निघाली ती अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊनच.

घरी आल्यावर तिने मुलाला सांगितले, "कुंपणच शेत खातंय हिचं."

तिने उपायही शोधला. उपाशी बाईला साधा खोकलाही सोडत नाही, हे तिने वॉर्डात जन्मभर पाहिले होते. त्यावरून उपासाने पहारा ढिला पडतो, असे तिने ठरवले. त्या दिवसापासून तिने फडताळाला कुलूप घातले आणि सुनेचे ताट अर्ध्यावर आणले.

सुनेने एकदा चाचरत विचारले, "आई, अजून थोडं वाढता?"

"भूक तुला नाही लागत गं, तुझ्या रक्तातल्या त्या पहारेकऱ्यांना लागते. सांग, त्यांना पोसू की पोराला?"

सून उठली आणि हात धुऊन मशीनवर बसली. सासू दवाखान्यातली, तिला कळत असणारच, असे ती मनाला समजावी. शेजारणींनी खंगण्याविषयी विचारले तर मावशी कडक डोहाळ्यांचे नाव पुढे करी.

सातव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. मेलेलेच बाळ जन्माला आले, मुलगा होता. त्याची वार तळहातावर मावेल एवढीच होती आणि ती वर नेण्याची पाळी मावशीचीच आली.

डॉक्टरीणबाईंनी वारेला चिकटून आलेले गर्भाशयाचे अस्तर तपासले. त्या दिवशी त्यांना घाई नव्हती. त्यांनी सांगितले, की आईच्या त्या पेशी गर्भाला मारायला जमत नाहीत. त्या तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतात, वाट रुंद करतात. तेव्हाच वारेला भरपूर रक्त मिळते. इथे ते काम झालेच नव्हते, वाहिन्या दोऱ्यासारख्या अरुंद राहिल्या होत्या.

"ज्यांच्या जिवावर पोर जगायचं, तेच कमी पडले बघा, मावशी. त्यात या बाईला कुणी धड खाऊही घातलं नाही. खाली पाहिलं मी तिला, नुसती हाडं. कुणाची आहे ती?"

"असेल कुणाची तरी," मावशी म्हणाली आणि तबक पुसू लागली.

चोर सोडून आपण संन्याशाला सुळी दिली, हे तिला पुरते उमगले होते. घरी पोहोचेपर्यंत ते तिच्या जिभेवर होते.

सुनेला घरी आणले तेव्हा शिलाई मशीन टेम्पोत चढले होते. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि तिने विचारले, "आई, वरच्या बाई काय म्हणाल्या? माझ्याच रक्तानं मारलं का त्याला?"

मुलगाही प्रथमच मान वर करून आईकडे पाहत होता. मावशीच्या एका वाक्याने मशीन खाली उतरले असते. मात्र फडताळाच्या कुलपाची किल्ली कोणाच्या कमरेला होती, हेही त्याच वाक्यात आले असते.

"तुझ्याच," मावशी म्हणाली.

सुनेने वाकून तिच्या पायांवर डोके ठेवले आणि इतके दिवस जिवाला त्रास दिल्याबद्दल तिची क्षमा मागितली.