मखराचा कागद आणि सूर्याची शिट्टी

चकचकीत वस्तूंची मला किळस येते, आणि ती एका ग्रहणापासून.

बोईसरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते, राहते सरावलीत. आमच्याकडे आकाश असं नसतंच. धुरकट, ओशट काहीतरी डोक्यावर ताणलेलं असतं. हौसेने घेतलेली दुर्बीण मी कधीच माळ्यावर टाकली. मग एकदा सोसायटीच्या गच्चीवर कोणीतरी टाकून गेलेली टीव्हीची डिश दिसली आणि डोक्यात किडा वळवळला.

डोळ्यांना दिसतो तो उजेड म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या लहरींमधली एक चिंचोळी पट्टी. उष्णतेच्या लहरी त्याहून लांब, रेडिओच्या आणखी कितीतरी लांब, आणि या लांब लहरींना धूर, ढग फारसे आडवे येत नाहीत. डिशच्या दांड्यावर पुढे जी डबी असते, तिच्यात त्या गोळा होतात. डबीला डिश बसवणाऱ्यांकडचं शिट्टीचं मीटर जोडलं की डिश सूर्यावर येताच शिट्टी चढते, बाजूला नेली की उतरते. म्हणजे चंद्राने सूर्य झाकायला घेतला की ती हळूहळू खाली येणार. हे लक्षात आलं आणि मला आईच आठवली.

आई चिंचणीला राहते. सुकी मासळी विकून तिने आम्हाला वाढवलं. काचबिंदूने तिची दृष्टी पार गेली आहे. पण डोळे धडधाकट होते तेव्हाही तिने ग्रहण पाहिलेलं नव्हतं. लहानपणी पोरीबाळींना बाहेर सोडत नसत. लग्नानंतर ती तरी पोटुशी, नाहीतर जाऊ. दार लावून दोघी आत. बाहेरून पुरुष ओरडायचे, लागलं, सुटलं, की ही अंघोळीला उठायची.

तिला मी जाळ्यांवरून समजावलं. जशी मासळी तसं जाळं. डोळ्यांच्या जाळ्यात सूर्याचा एकच वाण लागतो, माझ्या डिशमध्ये दुसरा. तिने विचारलं,

"मंग मना गिरान आयकू येल?"

"येईल."

"मंग ने मना."

दिवाळीतलं ग्रहण, संध्याकाळकडे लागणारं. सकाळी मी सगळं जोडून, शिट्टी वाजवून पाहिली आणि दुपारी रिक्षाने आईला आणायला गेले. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. ठेवणीतलं लुगडं नेसून ती ओट्यावर तयार बसली होती.

गच्चीवर आलो तर जळक्या प्लास्टिकचा वास. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हात मागे बांधून उभे होते, आणि माझी डिश सणासुदीच्या ताटासारखी लखलखत होती. गणपतीच्या मखराचा उरलेला चंदेरी चिकट कागद त्यांनी तिच्यावर काठोकाठ चिकटवला होता.

"काय मॅडम, कसं काय सरप्राइज? ग्रहण बघायला गच्चीवर पाहुणे यायचे, फोटो निघायचे, अन् तुमचं ते मळकट ताट! आणि सूर्यसुद्धा मीच धरून ठेवलाय. उजेडाचा ठिपका बरोब्बर डबीवर येईपर्यंत फिरवली."

बरोब्बर आला होता. डिशचा रंग मुद्दाम खरबरीत ठेवलेला असतो. रेडिओच्या लांब लहरींना तो खरबरीतपणा कळतच नाही, त्यांच्या लेखी तो आरसाच. उजेड मात्र त्याच्यावर आपटून विखुरतो, म्हणून डबी वाचते. या गृहस्थांनी दुपारचं सगळं ऊन गोळा करून तिच्यावर ओतलं होतं. डबीचं तोंड मेणासारखं ओघळून दांड्यावर सुकलं होतं. मीटर लावलं तर नुसती घरघर. नवी डबी आणावी म्हटलं, तर ग्रहणामुळे दुकानांची शटर खाली.

आईला दूर जिन्यापाशी खुर्चीत बसवलं आणि मी त्यांना नाही नाही ते बोलले. "अहो, पण दिसतंय किती छान!" म्हणाले. माणसाच्या तोंडून एवढं ओंगळ वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. पाहुणे आले. सरपंच व्हायची स्वप्नं पडणारे एक गृहस्थ होते, पान खाऊन गच्चीच्या कोपऱ्यात थुंकणारे. त्यांनी त्या ताटाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मग सेक्रेटरींना आई दिसली.

"आजी, तुम्ही पण या!" आणि त्यांनी पुठ्ठ्याचा ग्रहणाचा चष्मा माझ्या आंधळ्या आईच्या डोळ्यांवर चढवला, हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं. "हां, अशाच राहा." आई तशीच राहिली. तिला वाटलं, ऐकायची हीच रीत असेल. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेलासुद्धा. खाली लिहिलं होतं, आजींनीही लुटला ग्रहणाचा आनंद. मला शिसारी आली.

मी चष्मा ओढून काढला, आईच्या खुर्चीजवळ बसले आणि सांगितलं की यंत्र जळलं.

"मंग आता नाय आयकू येनार?"

"नाही गं."

"लागला का?"

लागलं होतं. धुरकटीत लालभडक सूर्य टेकत होता, खालून कोरलेला. लोक चेकाळल्यासारखे ओरडत होते. निदान एवढं तरी तिला द्यावं म्हणून मी बोलायला लागले, बघ आई, खालच्या बाजूने चंद्र आलाय, आता पावभर झाकलाय...

तिने चाचपडत माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नको सांगू, बाय. सांगलेला गिरान मी जलमभर आयकलाय."