एकवीसचा पाना

पाच मिनिटांत चाक बदलून दाखवणारी माणसं व्हिडिओत असतात. रस्त्यावर मी होते. सकाळचे सात वाजलेले, साकीनाका नुकताच मागे पडलेला, आणि माझ्या गाडीला जोडलेली कॅराव्हॅन डाव्या अंगाला खाली बसलेली.

कॅराव्हॅन म्हणजे दोन चाकांवरची एक खोली, गाडीने ओढून न्यायची. आत पलंग, शेगडी आणि संडास. मला फक्त संडास हवा होता. बाबा एक्याऐंशीचे. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्यांना एकदा लागली की दहा मिनिटंसुद्धा कळ काढता येत नाही. त्यापायी सहा वर्षं ते गावी गेले नव्हते. ट्रेनमध्ये संडासाबाहेर रांग, एसटीचं तर नावच नको, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहणं त्यांना मरणाहून वाईट. डायपरचा विषय मी एकदाच काढला होता, तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिकडे गावी त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, अंथरुणाला खिळलेली. "माका त्याका एकदा बघूचा आसा गो," हे तिचं दर फोनला ठरलेलं. म्हणून मी दिंडोशीच्या एका माणसाकडून ही कॅराव्हॅन भाड्याने आणली. एरवी तो ती शूटिंगवाल्यांना मेकअपसाठी देतो. ती ओढत चालवायची प्रॅक्टिस मी दोन रविवार केली. चाक बदलायची प्रॅक्टिस करावी, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मी गाडीच्या डिकीतून पाना काढून नटावर लावला. बसेचना. माझ्या गाडीचा पाना एकोणीसचा आणि कॅराव्हॅनचे नट एकवीसचे. मालकाने अवजारं म्हणून दिलेल्या पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर, दोन बल्ब आणि अर्धी उदबत्तीची पुडी निघाली.

"नट बघ आधी," बाबा मागून म्हणाले. त्यांची पस्तीस वर्षं इथेच, साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेली. नट बघितले तर ते चंदेरी. मालकाने दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचे हार घातले आणि चाकांना ऑइलपेंट मारला. नटांसकट! हाराचा दोरा अजून तिथे रंगात चिकटलेला होता.

"पूजा करावी, पण नटाला रंग मारणाऱ्याने जन्मात नट खोललेला नसतो," बाबा म्हणाले. खरंच होतं, पण त्या वेळी मला खरं ऐकायचं नव्हतं, मला एकवीसचा पाना हवा होता.

समोरचा पंक्चरवाला आठला उघडला. तोवर मी तासभर स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडत होते आणि बाबा तासभर सांगत होते. दुसऱ्या चाकाला वीट लाव. हँडब्रेक बघ. गाडी उचलायच्या आधी नट ढिले कर, नंतर चाक हवेत फिरत बसेल. मध्ये दोनदा ते कॅराव्हॅनमध्ये जाऊन आले. ती एक सोय तरी नीट चालली होती.

पंक्चरवाल्याने पाना दिला, वर लोखंडी पाइप दिला आणि हात झटकले. "मॅडम, इसको मैं हाथ नहीं लगाता. कुछ टूटा तो?" पान्याच्या दांड्यात पाइप घालून मी त्यावर अक्षरशः उभी राहिले तेव्हा कुठे पहिला नट करकरला. पाच नटांना पाऊण तास लागला. मागून रिक्षावाले हॉर्न मारून माझी अक्कल काढत होते.

मग जॅक. कॅराव्हॅनच्या चार कोपऱ्यांना पाय असतात. मी म्हटलं, तेच खाली फिरवून वर उचलू. "ते टेकायला आहेत, उचलायला नाहीत! वाकतील!" बाबा ओरडले. म्हणून जॅक लावला, तर तो पेव्हर ब्लॉकमध्ये रुतायला लागला. "खाली फळी घाल. आणि तिथे नको, एक्सलजवळ लाव." फळी आणली. जॅक तोकडा पडला. दुसरी फळी आणली. माझी पाठ भरून आली होती, नखं फुटली होती, आणि कॅराव्हॅन एकदाची वर गेली तर मागून पुन्हा, "अगं, ऐक—"

"बाबा, बास!" मी किंचाळलेच. "चाक लागेपर्यंत आता एक शब्द नको. कृपा करा."

ते गप्प झाले. मला केवढं बरं वाटलं. जुनं चाक काढलं, स्टेपनी उचलून भोकांशी जुळवायला चार वेळा आपटली, नट हाताने बसवले, मग समोरासमोरचे आवळत गेले. हे सगळं बाबांनी न सांगता जमलं, याचा मला चक्क अभिमान वाटत होता. जॅक उतरवला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील.

"झालं बघा!" म्हणत मी वळले. बाबा फुटपाथवर उभे होते, कापडी पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरून. त्यांची फिकट पँट मांडीपासून खाली काळी पडली होती आणि एका चपलेखाली ओल होती. पंक्चरवाला मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

"मला सांगायचं ना, बाबा."

"एक शब्द नको म्हणालीस."

"अहो, पण मग आत जायचं ना सरळ!"

"जॅकवर चढवलेल्या गाडीत माणसाने पाय ठेवायचा नसतो," ते हळू म्हणाले. "तुझे हात खाली होते."

मला तिथेच रडू फुटलं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. त्यांनी आत जाऊन कपडे बदलले आणि गाडीत पुढे येऊन बसले. मी स्टार्टर मारणार, तोच म्हणाले, "घरी चल."

"बाबा, आत्या वाट बघतेय. आता कुठेच अडणार नाही. मी दर अर्ध्या तासाने थांबते."

"घरी चल. पुन्हा कधी विचारू नकोस." ते खिडकीबाहेर बघत राहिले.

तेवढ्यात आत्याचाच फोन. कुठवर पोचलात म्हणून. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. सांगू नकोस, एवढंच. मी फोन स्पीकरवरून काढला आणि कानाला लावला.

"आत्या, टायर पंक्चर झाला गं. तीन तास खटपट केली, पण चाक काही निघालंच नाही. परत जातोय."

मग ती म्हणाली, "इतक्या शिकलंस, आणि एक चाक काढूक येना नाय तुका?"

"नाही येत गं," मी म्हटलं.