खारेपाटातली शपथ

सकाळी सातला अलिबागच्या मोटार-स्टँडवर मी उभी होते. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पत्र्याची रिकामी मतपेटी. शेजारच्या एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, पापड ठेवायला का हो एवढा डबा?"

मी वाईची. इथल्या मुलींच्या शाळेत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली निवडणूक तोंडावर आली होती. पूर्वी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे; चित्र बघून चिठ्ठी आत टाकली की झालं. आता पेटी एक, कागदही एक, आणि आपल्या माणसाच्या चित्रासमोर शिक्का मारायचा. बायकांना ते शिकवायला मास्तरणी हव्या होत्या. खाडीकाठ बघायला मिळेल म्हणून मी नाव दिलं.

पहिला मुक्काम चौलला. सुपारीच्या बागेत, पाटाच्या पाण्याशेजारी बायका जमल्या. सरावाच्या कागदावर खऱ्या निशाण्या चालत नाहीत, म्हणून मी आंबा, मासा आणि छत्री काढून नेली होती. एका काकूंनी तिन्हींवर शिक्के मारले.

"असं मत बाद होतं हो, काकू."

"होऊ दे. तिघंही दारात पाणी पिऊन गेलेत. नाही कोणाला म्हणू?"

त्यांच्याकडे केळीच्या पानावर घावन आणि गुळाचा नारळरस मिळाला. चार घावन खाल्ले, हे आईने वाचलं तर तिचा विश्वास बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी रेवसच्या बाजूने होडीत बसले. सोबतीला तलाठी भाऊसाहेब होते. ओहोटी लागलेली, गाव समोर दिसत असताना होडी चिखलात रुतली. "उतरा बाई," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. मी गुडघाभर गाळात उतरले, मतपेटी डोक्यावर घेतली आणि काठाला लागले तेव्हा पायात एकच चप्पल होती.

काठावर सत्तरीची एक बाई उभी होती. कासोटा घट्ट, पायाच्या बोटात अंगठ्याएवढी चांदीची मासोळी. ही बामाबाय. गावातल्या बायका हिच्या शब्दाबाहेर नाहीत, असं भाऊसाहेबांनी होडीतच सांगितलं होतं. तिने आधी माझे पाय धुतले, मग बांधावर नेलं. खारेपाट म्हणजे खाडी अडवून केलेली भातशेती. बांधाला मोठी खांड (भगदाड) पडली होती आणि आतली शेतं मिठाने पांढरी झाली होती.

"दोन वर्सं दाना न्हाय," ती म्हणाली. "लांबच्या जमिनीत राबून मजुरीचं भात आनतो."

दुपारी तिच्या ओटीवर बायका जमल्या, पण शिक्क्याला कोणी हात लावेना. सगळ्या बामाबायकडे बघत होत्या. शेवटी तीच बोलली. एका उमेदवाराच्या बाजूचे पांडूशेठ, पलीकडच्या भातगिरणीचे मालक, महिन्यापूर्वी आले होते. बांध बांधून देतो म्हणाले आणि देवळात नारळावर हात ठेवून सगळ्यांकडून मताची शपथ घेतली. नंतर दुसरा उमेदवार आला. त्याने शपथ मागितली नाही. चिखलात उतरून खांड मोजून गेला.

"आता जीव दुसरीकडं हाय आन् हात नारळावर," बामाबाय म्हणाली. "काय करावं मानसानं?"

कोणाला मत द्या हे मी सांगू शकत नव्हते. मला शिकवलेलं तेवढं म्हटलं, "बामाबाय, मत गुप्त असतं. कोणालाही कळत नाही."

"द्येवाला कलंल न्हाय?"

मी सरावाचे कागद गोळा करून पेटीत ठेवले.

संध्याकाळी पोपटी लावली. वालाच्या शेंगा आणि कांदे भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भरायचे, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. त्या शेंगांचा वास माझ्या पदराला दोन दिवस होता. बामाबाय जेवली नाही. जाळाकडे बघत बसली.

सकाळी माझी परतीची होडी गिरणीजवळच्या धक्क्यावरून होती. निघाले तर दहा-बारा बायका डोक्यावर भाताच्या टोपल्या घेऊन तयार. बामाबायच्या हातात शपथेचा नारळ होता. ती पहाटेच देवळात जाऊन आली होती.

पांडूशेठ गिरणीच्या दारालगतच्या यंत्रावर पट्टा चढवत होते. बामाबायने नारळ पुढे धरला.

"ह्यो घ्या, शेठ. द्येवाची माफी मागून आनलाय. आमची शपथ मोकली करा."

शेठचा चेहरा उतरला. "म्हणजे मत तिकडं?"

"कुटं त्ये सांगनार न्हाय. खोटं बोलून देनार न्हाय, येवढंच सांगतंय."

"आणि तुमचं भात कोण सडणार?"

"तुमी न्हाय सडलं तर उखल हाय घरात. आमच्या सासवांनी काय गिरनी बगितली व्हती?"

एकही बाई हलली नाही. दुसरी गिरणी पाच कोसांवर, हे भाऊसाहेबांकडून ऐकलं होतं. शेठनी आधी टोपल्यांकडे पाहिलं, नंतर नारळाकडे. मग तो घेऊन आत ठेवला आणि पाठ फिरवूनच म्हणाले, "टोपल्या ठेवा तिथं. नंबराने सडीन."

धक्क्यावर बामाबायने माझा हात धरला. "आता शिकवा." पालथ्या होडीवर कागद पसरून मी शिक्का तिच्या हाती दिला. तिने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाली, "तिकडं त्वांड करा." मी तोंड फिरवलं. बाकीच्या बायका खिदळत होत्या. शिक्का मारून, कागद घडी करून तिने तो पेटीत टाकला, आणि पोरीसारखी हसली.

पुढे त्या गावाने कोणाला मतं दिली, मला ठाऊक नाही. पावसाळ्याआधी बांधावर माती पडायला लागली, एवढं भाऊसाहेबांनी कळवलं. कोणामुळे, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

अलिबागला परतले तेव्हा वाईहून दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पत्र आलेलं होतं. दर निवडणुकीला ते घरच्या सगळ्यांना निशाणी कळवतात आणि आम्ही तीच मानतो. मला तर त्यात वावगं कधी वाटलंच नव्हतं. मतदानाच्या आदल्या दिवशी मी त्यांना लिहिलं, "दादा, या वेळी मी माझ्या विचाराने मत देणार आहे. न सांगता दिलं असतं तरी तुम्हाला कळलं नसतं, पण मला ते बरं वाटेना." कोणाला देणार ते लिहिलं नाही. पत्र पेटीत टाकलं आणि समुद्रावरून फिरून आले. रात्री झोप छान लागली.