रॅम नसलेल्या मशीनवर उमटलेले ४३

भुताखेतांच्या बातम्या मी नोकरीभर कचऱ्यात टाकल्या. पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर होते. जिल्ह्यातून 'पछाडलेला बंगला' छापाचा मजकूर आला की वार्ताहराला फोन लावून एकच विचारायचे - तू स्वतः पाहिलंस का? त्याने पाहिलेलं नसायचंच. आज लिहिते आहे ते मी स्वतः पाहिलं आहे. भर दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत. ते आठवलं की मला भीती वाटत नाही. संताप येतो.

माझी धाकटी बहीण सारिका कान्हे स्टेशनपासून थोड्या आतल्या गावात, एका संस्थेच्या शाळेत कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवायची. आम्ही दोघी तळेगाव दाभाड्यात राहतो. गेल्या वर्षी शाळेला एका कंपनीकडून वापरलेले कॉम्प्युटर भेट मिळाले. फीत कापली, नारळ फुटला, फोटो निघाले. भिंतीवर जो रंगीत कार्यक्रम दाखवला तो पाहुण्यांच्याच लॅपटॉपवरचा होता. पाहुणे गेल्यावर सारिकाने एकेका मशीनचं कॅबिनेट उघडलं. एकातही हार्ड डिस्क नव्हती, रॅम नव्हती. मशीन काम करताना ज्या मेमरीवर लिहितं आणि पुसतं ती रॅम. ती नसली तर मशीन सुरूच होत नाही, नुसतं पीं-पीं करतं.

तिने मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "आत्ता बोभाटा नको. देणाऱ्यांना वाईट वाटेल." तिने ऐकलं.

यंदा संस्थेचे सेक्रेटरी बाहेरच्या मंडळींना लॅब दाखवायला घेऊन आले. एकही मशीन चालेना. त्या दिवसापासून रॅम चोरल्याचा आळ सारिकावर. आधी झालेलं बोलणं मुख्याध्यापकांना आठवत नव्हतं. नोकरी जाणार हे दिसत होतं. वर पोलिसांत देण्याची भाषा सुरू झाली.

तिचं म्हणणं एवढंच होतं, की ही मशीन आल्यापासून एकदाही सुरू झालेली नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, "असं? मग माझ्यासमोर दाखवा." त्या दिवशी मी सोबत गेले.

आम्ही लवकर पोचलो. सारिकाने सातवीचा तास घेतला. चालणारं मशीन नसल्यामुळे तिने मुलांचाच कॉम्प्युटर बनवला होता. एक मुलगा कीबोर्ड, तो आकडे सांगणार. एक बेरीजवाला. एक स्क्रीन, तो उत्तर ओरडणार. शिट्टी घेतलेली मुलगी कंट्रोल. तिने शिट्टी मारल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आणि वैष्णवी नावाची दोन वेण्यांची मुलगी पाटी घेऊन उभी. ती मेमरी.

"मेमरीचं काम काय?" सारिकाने विचारलं.

"सांगितलेलं लिवायचं. इचारलं की वाचायचं. लाईट गेली की पुसायचं."

"आणि स्वतःची अक्कल?"

"अजिबात चालवायची न्हाई!"

"म्हणून तर तुला मेमरी केली," कीबोर्ड म्हणाला आणि सगळा वर्ग हसला. वैष्णवीने त्याच्या पाठीत पाटी घातली.

मधल्या सुट्टीच्या सुमारास सेक्रेटरी आले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मागे मुख्याध्यापक आणि क्लार्क. लॅबची खिडकी व्हरांड्यात उघडते. सारिकाने पहिलं मशीन सुरू केलं. पीं... पीं... पीं. दुसरं. तेच.

"बघा अण्णा," ती म्हणाली. "आल्यापासून हेच."

"पुढचं लावा."

तेवढ्यात व्हरांड्यात शिट्टी वाजली. मी खिडकीपाशी होते, म्हणून पाहिलं. सातवीची तीच मुलं डबे बाजूला ठेवून आपापल्या जागी उभी राहिली होती. कुणी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटर चालला नाही तर बाई जाणार, एवढं घरोघरी त्यांच्या कानावर आलं होतं. आता ती जिवाच्या आकांताने चालवत होती. कीबोर्ड म्हणाला, "सव्वीस!" वैष्णवीने लिहिलं. "सतरा!" तिने लिहिलं. शिट्टी. बेरीजवाला तिच्या कानात काहीतरी बोलला. तिने पाटीवर मोठ्ठं ४३ काढलं आणि पाटी छातीशी धरली.

माझ्या मागे पीं-पीं थांबलं.

वळून पाहिलं तर तिसऱ्या मशीनचा स्क्रीन उजळला होता. कंपनीचं चिन्ह नाही, इंग्रजी ओळी नाहीत. काळ्या स्क्रीनच्या मधोमध पांढरे दोन आकडे. ४३. मराठी आकडे. वेडेवाकडे, हाताने काढल्यासारखे.

क्लार्कने टाळी वाजवली. अण्णा म्हणाले, "चालतंय की! एकदाही चालू झालं नाही म्हणत होता ना बाई?"

सारिकाचा सगळा बचाव ज्या एका वाक्यावर उभा होता, ते वाक्य सगळ्यांसमोर खोटं ठरलं होतं. तिने कॅबिनेटचा पत्रा ओढून काढला. आत पंखा फिरत होता. रॅमच्या खाचा रिकाम्या. हार्ड डिस्कच्या जागी धूळ. मी मोबाईलवर व्हिडिओ घेतला - आधी खाचा, मग तसाच वर नेऊन स्क्रीन. मध्ये कुठे थांबवला नाही.

"अण्णा, या, आत बघा. मेमरी नाहीये याच्यात!"

"मला आतलं काय कळतंय? चालतंय, ते कळतंय."

"सर, तुम्ही तरी बघा."

मुख्याध्यापक वाकले. ते विज्ञान शिकवतात. खाचा पाहिल्या, स्क्रीन पाहिला, परत खाचा पाहिल्या. मग सरळ होऊन रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "असेल... आत कुठंतरी असेल."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. व्हरांड्यातून शिपाई ओरडला, "चला रं वर्गात! काय चाललंय हितं?" वैष्णवी दचकली. तिने तळहाताने पाटी पुसली आणि पळाली.

स्क्रीन काळा झाला. पीं... पीं... पीं.

"आता बंद केलं बघा यांनी," अण्णा म्हणाले.

त्याच आठवड्यात सारिकाला काढलं. एक मशीन चालतं, म्हणजे सगळी चालत होती, म्हणजे बाकीच्यांतली रॅम हिनेच काढली. लॉजिक! जी बाई मुलांना लॉजिक शिकवायची तिला हे ऐकवलं. पोलिसांत दिलं नाही, हे उपकार म्हणून सांगितलं. मी व्हिडिओ दाखवला. अण्णा म्हणाले, "यात मशीन चालू दिसतंय, हे बरोबर." आणि खाचा? "ते काय... हल्ली मोबाईलवर वाटेल ते बनवता येतं." एकाच व्हिडिओतला अर्धा पुरावा खरा, अर्धा बनावट. इतकी बेशरम मांडणी मी डेस्कवरसुद्धा पाहिली नव्हती.

तळेगावातल्या रिपेअरवाल्याला मी तो व्हिडिओ दाखवला. काही मशीनच्या आतल्या बोर्डावरच मेमरी कायमची बसवलेली असते, तसं असेल का, हेही विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, या बोर्डावर नसते. आणि असती तरी हे आकडे आणले कुठून?" मग मोबाईल परत देऊन म्हणाला, "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

मुख्याध्यापकांना मी घरी जाऊन गाठलं. त्यांनी चहा विचारला. मी नको म्हटलं.

"सर, तुम्ही पाहिलंत. खाचा रिकाम्या होत्या."

"पाहिलं."

"मग लिहून द्या."

"काय लिहू? रॅम नसताना मशीन चाललं? लोक मला वेड्यात काढतील, मॅडम. तुमच्या पेपरात आलं असतं तर तुम्ही छापलं असतंत?"

मी छापलं नसतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्या आडोशाला ते आरामात बसले होते. रॅम आधीपासूनच नव्हती, हे तर त्यांना वर्षभर माहीत होतं! ते सांगायला कुठला चमत्कार आड येत होता? हे मी तोंडावर विचारलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या दिवशी ज्या कुणी ते मशीन चालवलं, त्याचाही मला तितकाच राग आहे. चालायचंच होतं तर वर्षभरात कधीही चालायचं. नेमकं तेव्हाच?

गेल्या महिन्यात शाळेतून सारिकाचे राहिलेले कागद घेऊन आम्ही दोघी कान्हे स्टेशनवर गाडीची वाट पाहत होतो. सारिका आता वराळ्याच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. वैष्णवी आईबरोबर समोरून आली. सारिकाला पाहून आईच्या मागे लपली. आई म्हणाली, "तवापास्नं अशीच करती. पाटी हातात घेत न्हाई. इचार की आता बाईंना, काय इचारायचंय ते."

आईच्या मागूनच पोरगी बोलली. "बाई... मी पुसली म्हणून तुमाला काढलं का? मी आजून धरली असती तर..."

तिने पुसली नसती तरी काही फरक पडला नसता. घात झाला तो मशीन चालू झाल्याने. हे त्या पोरीला कोण सांगणार? खाली बसून सारिकाने तिच्या दोन्ही वेण्या हातात घेतल्या.

"मेमरीचं काम काय गं?"

"सांगितलेलं... लिवायचं. इचारलं की वाचायचं."

"आणि?"

"लाईट गेली की पुसायचं."

"मग? तुझं काय चुकलं?"

गाडी आली. दारात उभी राहून सारिका हात हलवत राहिली. मशीन कसं चाललं, याचं उत्तर तिच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. वैष्णवीने मात्र हात हलवला नाही. ती आपला तळहात पाहत होती.