डोळे मिटून मॅच बघणारा

सुभानपुऱ्याच्या रिंकवर मुलांची रोलर हॉकीची लीग चालली होती, आणि माझ्या लेकीचा संघ प्रत्येक मॅच हरत होता. शेवटचीही हरला असता, तर पुढच्या वर्षी लीगमधून बाहेर! दर मॅचआधी मी सगळ्यांच्या स्केट्सच्या चाकांत भक्तिभावाने खोबरेल तेल सोडायचो, तरी ही गत.

गोरव्याच्या कुठल्याशा कारखान्याच्या खाकी कपड्यांतला एक माणूस दर रविवारी कठड्याला टेकून, चक्क डोळे मिटून मॅच बघायचा. शेवटच्या मॅचला तो लवकर आला. एक स्केट उचलून त्याने चाक फिरवलं आणि कानाशी धरलं.

"तेल कोणी घातलं?"

"मी!" मी छाती फुगवून म्हणालो.

"काका, खोबरेल डोक्याला लावा. इथे धूळ चिकटून चिखल झालाय. पोरं पळत नाहीत, नांगर ओढतात."

मग आम्हा सगळ्या पालकांना कामाला लावून त्याने चाकांतल्या बेअरिंग रॉकेलमध्ये धुवून घेतल्या.

पोरं जी सुटली! चार गोल! मी कठड्यावर चढून नाचलो. तो मात्र डोळे मिटूनच, चाकांचा आवाज ऐकत उभा. जिंकलेली माझी लेक सर्रकन त्याच्यासमोरून गेली, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.

"हवे बराबर," आता ठीक, असं तो गुजरातीत म्हणाला आणि माझ्या टकलाकडे बघून हसला.