ब्रेकच्या बाटलीतलं तेल

भय्याजी मेकॅनिकला चार लोकांत "खोटारडा" म्हणण्याची हिंमत भिलाईच्या सुपेल्यात कुणी केली नव्हती. ती पंचफुला सांगोडेनं केली. १९६० सालचा एप्रिल होता, डाव्या पिंढरीवर भाजल्याची जखम ओली होती, आणि कोहक्यापासून तिथवर ती लंगडत चालत आली होती.

पंचफुला आणि तिचा नवरा धोंडबा साकोलीजवळच्या एका खेड्यातले. नागपूरला धम्मदीक्षा घेऊन आले आणि पुढच्याच वर्षी भिलाईची वाट धरली. पोलादाचा कारखाना उभा राहत होता, हाताला काम होतं. धोंडबा आधीपासून गाड्या चालवायचा, तो एका ठेकेदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर लागला. पंचफुलानं कोहक्यातल्या झोपडीत चूल मांडली आणि साइटवरच्या रेजा-कुलींना, म्हणजे मजूर बायांना आणि पुरुषांना, भात, डाळ, भाजी पोचवायला सुरुवात केली. पहिल्यांदा डोक्यावरून, मग भाड्याच्या रिक्षातून. जेवण चांगलं, माप पूर्ण, त्यामुळं माणसं वाढत गेली. तीसची साठ झाली, साठची सव्वाशे.

पहिली भट्टी पेटली त्या वर्षी धोंडबाच्या ठेकेदाराचं काम संपलं आणि त्यानं आपलं सामान विकायला काढलं. त्यात एक छोटी विलायती पिकअप होती. लढाईच्या काळातली, पुढं दोन माणसं बसतील एवढी जागा, मागं लाकडी फळ्यांची पेटी. चौदाशे रुपये. पंचफुलानं चांदीचे गोट मोडले, साठवलेलं सगळं घातलं आणि गाडी घेतली.

गाडी म्हातारी होती हे तिला मान्य होतं. रेडिएटर गळायचा, तर ती त्यात मूठभर हळद टाकायची. दोन-तीन दिवस निभायचं. सेल्फ लागत नसे, पुढून हँडल मारावं लागे. साइटच्या रस्त्यावरची लाल धूळ कार्बोरेटरमध्ये जाऊन गाडी खोकायची. खड्ड्यांनी स्प्रिंगचा पाटा दोनदा तुटला, तेव्हा बावीस रुपये गेले. पंचफुला कुरकुरली, पण चिडली नाही. जुन्या गाडीला खर्च येणारच. धोंडबा गाडीखाली शिरला की ती बाजूला उकिडवी बसून पाने द्यायची आणि प्रत्येक वस्तूचं नाव विचारायची. सहा महिन्यांत तिला गाडीतलं बरंच कळायला लागलं.

मोठं काम निघालं की धोंडबा भय्याजीकडं जायचा. भय्याजी नागपूरकडचा, वयानं पन्नाशीचा, सुपेल्यात टिनाचं गॅरेज टाकून बसला होता. साइटवर पंजाबी, बंगाली, तेलुगू, रशियन, सगळ्या जगाची भाषा ऐकू यायची. त्यात हा आपल्या बोलीत बोलणारा माणूस, म्हणून धोंडबाचा त्याच्यावर भरवसा. गॅरेजात सगळ्यांना काचेच्या गिलासात चहा यायचा. धोंडबाला मात्र कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. धोंडबा तो पिऊन, धुऊन परत ठेवायचा. पंचफुला तिथं कधी चहा प्यायली नाही.

डिसेंबरात ब्रेक ढिले वाटायला लागले. भय्याजीनं ब्रेकची सगळी रबरं बदलली, नवं तेल भरलं, अडतीस रुपये घेतले. वर घालायला म्हणून तेलाची एक बाटलीही दिली, तिचे चार रुपये वेगळे.

त्यानंतर गाडी जड चालायला लागली. चढावर दम तोडायची. भय्याजी म्हणाला क्लच प्लेट गेली. प्लेट बदलली, पंचेचाळीस रुपये. महिनाभरानं पुन्हा तेच. आता म्हणाला, इंजिनाच्या रिंगा गेल्या, दीडशे तरी लागतील.

पण पंचफुलानं एक गोष्ट पाहिली होती. साइटवर गाडी थांबली की मागचं चाक तव्यासारखं तापलेलं असायचं. एकदा तिनं त्यावर तांब्याभर पाणी ओतलं तर चर्रर्र आवाज झाला. ती गॅरेजात जाऊन म्हणाली, "भय्याजी, इंजिनाचं नाही वाटत मले. चाक तापून राहिलं. ब्रेक सुटत नसंन."

भय्याजी हसला. "चाक फिरते तर तापनच, बाई. तू डाळ पाहाय, गाडी आमी पाहातो."

दोन-तीन ड्रायव्हर बसले होते, तेही हसले. धोंडबा खाली मान घालून उभा होता.

रिंगांचे पैसे जमायच्या आतच ते घडलं. सकाळचे अकरा वाजले होते. सुपेल्याचं रेल्वे फाटक बंद होतं, फाटकापाशी पन्नासेक सायकली आणि पायी माणसं उभी होती. पंचफुला मागं जेवणाची भगोणी धरून बसलेली. धोंडबानं ब्रेकवर पाय दिला आणि पेडल थेट फरशीला जाऊन टेकलं. त्यानं पुन्हा पुन्हा दाबलं, काही नाही. समोर माणसांच्या पाठी. त्यानं स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी रस्त्याकडेच्या खडी-गिट्टीच्या ढिगावर घातली.

माणूस एकही लागला नाही. धोंडबाचं उजवं मनगट स्टेअरिंगवर आपटून मोडलं. डाळीचं भगोणं कलंडून पंचफुलाची पिंढरी भाजली. सव्वाशे माणसांचं जेवण गिट्टीवर पडलं.

चौथ्या दिवशी ती भय्याजीकडं गेली. गॅरेजात तीन-चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते.

"ब्रेक तुमी केले होते," ती म्हणाली. "चार महिने नाही झाले."

भय्याजीनं हातातलं काम सोडलं नाही. "जुना माल आहे. त्याची काय गॅरंटी? अन् खरं विचारशील तं, धोंडबा पिऊन असंन."

धोंडबानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. बाप दारूपायी मेला होता त्याचा. पंचफुलाच्या अंगातून आग गेली. तेव्हाच तिनं तो शब्द उच्चारला.

"खोटारडा आहेस तू. अडतीस रुपये घेतले, पंचेचाळीस घेतले, अन् वरून माझ्या नवऱ्याले दारुड्या म्हणतं? ते फाटकापाशी पन्नास जण उभे होते. मेले असते तं तू काय सांगतलं असतं? तेही पिऊन होते म्हून?"

"जाय, जाय. गाडीतलं कळत नाही अन् तोंड चालवते."

"कळन," ती म्हणाली. "मले कळन, मंग मी येईन."

शेजारी देवराव राहायचा. तो एका ठेकेदाराच्या मोटार वर्कशॉपात फिटर होता, त्याआधी कामठीच्या फौजी डेपोत गाड्या दुरुस्त करायचा. कमी बोलणारा माणूस. पंचफुलानं त्याला गाडीपाशी आणलं आणि त्यानं तिच्यासमोर मास्टर सिलिंडर खोलला. पेडल दाबलं की तेल चाकांकडं ढकलणारं ते लोखंडी नळकांडं. त्यातलं रबर बाहेर काढायला त्याला पाच मिनिटं लागली. ते फुगून, लिबलिबीत होऊन एका बाजूनं फाटलं होतं.

देवरावनं बोटाला तेल लावून वास घेतला. "हे ब्रेक ऑइल नाही, बाई. इंजिनाचं ऑइल आहे. पातळ करून भरलं. खरं ब्रेक ऑइल मिळत नाही लवकर, महागही पडते. पण ह्या तेलानं रबर फुगते. फुगलं का अडकते, ब्रेक सुटत नाही, चाक तापते, गाडी जड चालते. मंग एक दिवस रबर फाटते."

"म्हंजे क्लच प्लेट चांगली होती?"

"चांगलीच असंन."

पंचफुलानं ते फाटकं रबर हातात घेतलं. मग म्हणाली, "देवरावभाऊ, हे मी सांगतलं तं कोणी ऐकणार नाही. दाखवता येईन काय?"

देवराव विचार करून म्हणाला, "येईन."

तिनं दुर्गहून एकाच मापाची दोन नवी रबरं आणली. लोणच्याच्या काचेच्या दोन बरण्या घासून कोरड्या केल्या. एका बरणीत देवरावनं वर्कशॉपातून मागून आणलेलं खरं ब्रेक ऑइल घातलं. दुसरीत भय्याजीनं चार रुपयांना दिलेल्या बाटलीतलं, ती बाटली अजून अर्धी भरलेली होती. दोन्हींत एक एक रबर टाकलं. आठवडाभर ती रोज सकाळी बरण्या उजेडात धरून पाहायची. तिसऱ्या दिवशी फरक दिसायला लागला. आठव्या दिवशी एक रबर होतं तसंच होतं, दुसरं दीडपट झालं होतं.

रविवारी सुपेल्याचा बाजार. त्या दिवशी गॅरेजात ट्रकवाल्यांची गर्दी असायची. पंचफुला दोन बरण्या आणि रिकामा सिलिंडर घेऊन तिथं पोचली आणि भय्याजीच्या बाकड्यावर तिनं ते मांडलं.

"ही त्याची बाटली," ती मोठ्यानं म्हणाली. "याच्यावर ब्रेक ऑइल म्हून लिहिलं आहे. हे रबर त्याच्यात होतं. हे खऱ्या ब्रेक ऑइलात. घ्या, सिलिंडरात घालून पाहा."

कोणी पुढं आलं नाही. शेवटी केवलराम नावाचा एक ट्रक ड्रायव्हर उठला. रायपूरकडचा, साइटवर मुरूम वाहायचा. त्यानं खऱ्या तेलातलं रबर सिलिंडरात घातलं, ते अलगद सरकलं. भय्याजीच्या तेलातलं तोंडातच अडकलं. अंगठ्यानं दाबलं तर ते चिरलं.

"मोरो गाडी के चक्का गरम होथे," तो हळूच आपल्या छत्तीसगढीत म्हणाला. त्याच्याही गाडीचं चाक तापत होतं. मग भय्याजीकडं वळून त्यानं विचारलं, "मेरे में क्या डाला है?"

"अरे, ह्या बाईचं काय ऐकता," भय्याजी म्हणाला. पण तोवर दुसरा एक जण आपल्या ट्रकखाली शिरला होता. त्यानं ब्रेकच्या तेलाच्या डबीत बोट बुडवून वर काढलं आणि वास घेतला. मग आवाज चढले. कोणी भय्याजीची कॉलर धरली.

"सोडा त्याले," पंचफुला ओरडली. "मार खाऊन तो सुटून जाईन. त्याले बोलू द्या."

भय्याजी घामाघूम झाला होता. "किती पैसे पाह्यजे तुले?"

"पैशाचं मंग. आधी सांग, माझा नवरा पिऊन नव्हता."

"मी काय तिथी होतो पाहायले?"

"नव्हता तं म्हटलं कावून?"

भय्याजीनं हात फडक्याला पुसले. मग पुटपुटला, "नसंन पेला."

"नसंन नाही. नव्हता."

"नव्हता," भय्याजी म्हणाला.

त्यानं ब्रेकचे आणि क्लचचे पैसे परत दिले. मोडलेल्या मनगटाचे आणि गिट्टीवर सांडलेल्या जेवणाचे कोण देणार होतं? केवलराम आणि आणखी चौघांच्या गाड्यांत त्याला त्याच आठवड्यात खरं तेल भरून द्यावं लागलं. गॅरेज काही बंद पडलं नाही. दोन महिने गिऱ्हाईक तुटलं, मग साइटवर नवे ट्रक आले, नवे ड्रायव्हर आले, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पंचफुलाला ते कायम टोचत राहिलं.

पण त्या रविवारी ती घरी आली तेव्हा तिच्या मनात एवढंच होतं की नवऱ्याच्या नावावरचा डाग गेला. धोंडबा मोडलेला हात गळ्यात अडकवून खाटेवर बसला होता. तिनं सगळं सांगितलं. तो खूश झाला नाही.

"एवढं कायले केलं?" तो म्हणाला. "चार लोकांत."

"कायले म्हंजे? तुमाले दारुड्या म्हणला तो! तुमचा हात मोडला!"

धोंडबानं गळ्यातल्या हाताची पट्टी नीट केली. मग म्हणाला, "फुला, मले वास आला होता."

"कायचा?"

"तो तेल भरत होता तवा. इंजिनाचं आहे हे मले समजलं होतं. बारा वर्षं गाड्या चालवून राहिलो मी."

पंचफुला त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मंग बोलले कावून नाही?"

"त्या दिवशी त्यानं मले गिलासात चहा देल्ला होता," धोंडबा म्हणाला. "काचेच्या. सगळ्यांसंग. मले वाटलं, आज नाही बोलावं."

भय्याजीवर तिनं जेवढा राग काढला होता त्याच्या दसपट राग तिच्या छातीत उसळला. त्याच तेलावर ती चार महिने रोज मागं बसली होती. तिनं खाटेजवळचा तांब्या उचलून अंगणात भिरकावला.

"गिलासासाठी?" तिचा आवाज फाटला. "सव्वाशे लोकायचं जेवण, मी, ते फाटकावरचे लोक, सगळे त्या एका गिलासापाई? तो गिलास त्याच्या बापाचा आहे काय? आपण नागपूरले कायले गेलो होतो मंग?"

धोंडबा रडला. ती नाही रडली. पंधरा दिवस ती त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही. ताट वाढून समोर सरकवायची आणि बाहेर निघून जायची. राग भय्याजीवर होता, धोंडबावर होता, आणि ज्या गोष्टीनं एका शहाण्या ड्रायव्हरचं तोंड चहाच्या गिलासानं बंद केलं त्या गोष्टीवर तर इतका होता की तो कुणावर काढावा हेच तिला कळत नव्हतं.

देवराव आणि तिनं मिळून ब्रेक नव्यानं केले. रबरं तिनं स्वतः बसवली. धोंडबाचं मनगट वाकडं जुळलं, गिअर ओढताना त्याच्या हातात जोर येईना. तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "मले शिकवा." मोकळ्या माळावर, जिथं पुढं कारखान्याची क्वार्टरं झाली, तिथं तो बाजूला बसून तिला क्लच सोडायला शिकवायचा. तिथूनच दोघं पुन्हा बोलायला लागले. आधी फक्त गाडीबद्दल.

१९६१ मध्ये ती दुर्गला लायसन काढायला गेली. तिथल्या कारकुनानं विचारलं, "बाई, चलाओगी किसकी गाड़ी?"

"माझी," ती म्हणाली. "अन् ब्रेक मी लावले आहेत. बसा, दाखवते."

लायसन मिळालं, तिसऱ्या खेपेला. रस्त्यानं जाताना सायकलवाले वळून पाहायचे, काही जण शिट्ट्या मारायचे. ती काच खाली करून अशी शिवी हासडायची की शिट्टी अर्ध्यातच थांबायची. साइटवरच्या रेजा मात्र गाडी दिसली की टोपल्या ठेवून हात हलवायच्या.

पिकअप आणखी पाच वर्षं चालली. पुढच्या चाकांच्या किंगपिन बदलल्या, डायनामोची तार दोनदा भरून घेतली, शेवटी इंजिनाचा क्रँक तुटला तेव्हा देवरावनं मान हलवली. तिनं गाडी भंगारात दिली आणि कोहक्याच्या नाक्यावर पक्कं दुकान घेऊन खानावळ टाकली. धोंडबा गल्ल्यावर बसायचा. एकदा एका व्यापाऱ्यानं भेसळीच्या गोड्या तेलाचा डबा आणला. धोंडबानं झाकण उघडून वास घेतला, डबा उचलून त्याच्या हातगाडीवर परत ठेवला आणि म्हणाला, "घेऊन जा." व्यापारी वाद घालायला लागला. पंचफुला आतून पदर खोचत बाहेर आली, पण दारातच थांबली. धोंडबाचा आवाज चढला होता, आणि तिनं तो चढू दिला.